दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि प्रवासकाल यांच्या संबंधाचा भौगोलिक विचार

प्रस्तावना

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या विनाथांबा विमानसेवेचा मार्ग बदलला. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान दिल्लीहून वायव्येस निघून युरोप व अटलांटिक महासागर ओलांडीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचत असे. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. नव्या मार्गाने विमान पूर्वेकडे चीन व जपानवरून प्रशांत महासागरात शिरू लागले आणि त्याला सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापावे लागले. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले. प्रवासाचा वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला.

अंतर वाढले म्हणजे वेळही वाढला पाहिजे, हे प्राथमिक शाळेपासून मनावर ठसलेले गणित येथे उलटते. ते का उलटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. सॅन फ्रान्सिस्को व त्याच्या दक्षिणेकडील सिलिकॉन व्हॅलीचा परिसर मराठी समाजाला अपरिचित नाही. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांतील मुले तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झाली असून त्यांचे वयोवृद्ध आईवडील वर्षा-दोन वर्षांतून हा प्रवास करतात. ‘किती लांब आहे?’ आणि ‘किती तास लागतात?’ हे दोन प्रश्न अशा घरांत एकाच दमात विचारले जातात. वस्तुतः ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भूमिती देते व ते बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर ऋतूनुसार, विमानानुसार आणि कोणत्या देशाचे कोणत्या देशाशी कसे संबंध आहेत यानुसार बदलत राहते.

गोलावरील सर्वांत कमी अंतर

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्‌वृत्ताचा कंस असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र व पृथ्वीचे केंद्र एकच असते ते बृहद्‌वृत्त, ही व्याख्या पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. परंतु व्याख्या पाठ असणे आणि ती डोळ्यांपुढे उभी राहणे यांत फार अंतर आहे. वर्गाच्या भिंतीवरील नकाशात दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही शहरांना जोडणारी पट्टी ठेवली तर ती जपान व प्रशांत महासागरावरून आडवी जाते. तोच प्रयोग पृथ्वीगोलावर दोरा ताणून केला तर दोरा थेट उत्तरेकडे, सायबेरियाच्याही पलीकडे सरकतो. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटर याने सिद्ध केलेल्या प्रक्षेपणाचा हा परिणाम आहे. त्याने नकाशा खलाशांसाठी काढला होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत दिसावा, एवढाच त्याचा हेतू होता. अंतरे खरी दिसावीत हा नव्हता.

प्रत्यक्ष गणित करून पाहणे उपयुक्त ठरेल. दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर अक्षांश व ७७.१० पूर्व रेखांशावर, तर सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ उत्तर अक्षांश व १२२.३८ पश्चिम रेखांशावर आहे. पूर्वेकडून मोजल्यास दोहोंच्या रेखांशांतील फरक १६०.५२ अंश येतो. दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोज्या व रेखांशफरकाची कोज्या यांचा गुणाकार, या बेरजेने पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाची कोज्या मिळते. येथे ती उणे ०.३६४ येते, म्हणजे कोन सुमारे १११.३ अंशांचा होतो. बृहद्‌वृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा धरल्यास दोन शहरांमधील अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर भरते. (ज्या हा शब्द आर्यभटाच्या परंपरेतून अरबी भाषेत गेला, तेथे त्याचा उच्चार व अर्थ बदलला आणि लॅटिनमधील भाषांतरातून तो ‘साइन’ होऊन आपल्याकडे परत आला. शब्दांचे प्रवासही नेहमी सर्वांत जवळच्या मार्गाने होत नाहीत.)

याच गणिताचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. हा कंस दिल्लीहून उत्तर दिशेच्या पूर्वेस केवळ साडेसोळा अंशांचा कोन करून निघतो आणि ७५.६ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. त्याचा सर्वोच्च बिंदू पूर्व सायबेरियन समुद्रात येतो. तेथून तो अलास्कावरून उतरत कॅलिफोर्नियाकडे येतो. याउलट होकायंत्राची एकच दिशा धरून, नकाशावरील सरळ रेषेने गेल्यास अंतर सुमारे १५,००० किलोमीटर होते. दोहोंमधील फरक सुमारे २,६०० किलोमीटरचा, म्हणजे दिल्ली ते कन्याकुमारी या हवाई अंतराहूनही अधिक आहे.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. २०१६ मध्ये निवडलेला प्रशांत महासागरावरील मार्ग १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे भूगोलाच्या प्राध्यापकाने ‘चुकीचा’ म्हणून खोडून काढलेल्या त्या सरळ रेषेहूनही किंचित लांब होता. जगातील सर्वांत लांब उड्डाणांच्या याद्या सामान्यतः बृहद्‌वृत्तीय अंतरावरून केल्या जातात. त्यामुळे सिंगापूर–न्यूयॉर्क या सुमारे १५,३५० किलोमीटरच्या सेवेचे नाव अशा याद्यांत वर येते आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को पुष्कळ खाली राहते. प्रत्यक्ष कापलेले अंतर व यादीतील अंतर यांची गल्लत वृत्तपत्रांतून वारंवार होते, ती यामुळेच.

वाऱ्याची साथ

विमानाचा वेग दोन प्रकारे मोजला जातो : हवेच्या सापेक्ष आणि जमिनीच्या सापेक्ष. मोठ्या प्रवासी विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो व तो फारसा बदलत नाही. प्रवाशाला शहरापर्यंत पोहोचविणारा वेग मात्र जमिनीच्या सापेक्ष असतो. नदीच्या प्रवाहातून होडी वल्हविणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. वरील आकडे तपासले तर १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर होतात. अटलांटिकवरील १३,९०० किलोमीटरला साडेसोळा तास धरल्यास सरासरी ८४० च्या आसपास येते. विमान तेच, इंजिने तीच. फरक ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक. हा फरक वाऱ्याचा आहे.

मध्य अक्षवृत्तांत साधारणतः ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. विषुववृत्तीय व ध्रुवीय हवेच्या तापमानांतील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन ही त्यांची कारणे होत. हिवाळ्यात ही तफावत वाढते व वारे अधिक जोरकस होतात. जपानच्या परिसरात तर त्यांचा वेग ताशी २५० किलोमीटरहून अधिक होतो. भारतीय वाचकाला हे वारे दुसऱ्या नात्याने परिचित आहेत. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून जाणारा पश्चिमी झोतवारा पश्चिमी विक्षोभांना वाट दाखवितो आणि पंजाब-हरियाणातील रब्बीच्या गव्हाला पाऊस देतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तो हिमालयाच्या उत्तरेस सरकतो व मग मॉन्सूनचा मार्ग मोकळा होतो. गव्हाला पाऊस देणारी आणि विमानाला वेग देणारी यंत्रणा अशा रीतीने एकच आहे.

या वाऱ्यांचा शोधही जपानमध्येच प्रथम नोंदविला गेला. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून १९२० च्या दशकात वरच्या थरांतील वाऱ्यांची मोजणी केली. १९२६ मध्ये आपले निष्कर्ष त्याने एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केले. जगाला ते वाचता यावेत ही त्यामागची इच्छा. परिणाम असा झाला की ते फारसे कोणीच वाचले नाहीत. १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून बाँबफेक करण्यास गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना या वाऱ्यांनी गोंधळात टाकले. जपानी लष्कराने मात्र त्यांचा पूर्ण उपयोग करून घेतला. नोव्हेंबर १९४४ पासून पुढील काही महिन्यांत नऊ हजारांहून अधिक बाँबवाहू फुगे या वाऱ्यावर सोडण्यात आले. कोणत्याही इंजिनाविना ते तीनएक दिवसांत प्रशांत महासागर पार करीत. त्यांपैकी एकाच्या स्फोटात ५ मे १९४५ रोजी ओरेगॉन राज्यात एक स्त्री व पाच मुले मृत्युमुखी पडली. आज नातवंडांना भेटण्यास निघालेले आजी-आजोबा ज्या वाऱ्याच्या पाठबळावर दोन तास आधी पोहोचतात, तो हाच वारा होय.

एका प्रचलित गैरसमजाचा निरास येथेच करणे योग्य होईल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान आकाशात असताना शहर स्वतःच जवळ येते किंवा दूर जाते, असे पुष्कळ सुशिक्षित लोकही समजतात. दिल्लीच्या अक्षांशावर भूपृष्ठ ताशी सुमारे १,४६५ किलोमीटर वेगाने फिरत असते हे खरे. परंतु वातावरणही त्याच्याबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. उड्डाणाच्या क्षणी विमान हा वेग टाकून देत नाही. परिवलनाचा परिणाम आहे, पण तो वाऱ्याच्या द्वारे, अप्रत्यक्ष आहे.

वाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे मार्ग कायमचा आखून ठेवता येत नाही. प्रत्येक उड्डाणापूर्वी वरच्या थरांतील वाऱ्यांचा अंदाज पाहून त्या दिवसाचा मार्ग ठरविला जातो. हिवाळ्यात झोतवारा दक्षिणेकडे व जोरात असताना जपानवरून वळसा घेणे परवडते. उन्हाळ्यात वारा मंदावतो व उत्तरेस सरकतो, तेव्हा बृहद्‌वृत्ताच्या जवळचा, रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशावरून जाणारा मार्ग सोयीचा ठरतो. अर्थात तिकिटावर छापलेला काल हा एक अंदाज असतो.

घड्याळाचा हिशेब

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, तर कॅलिफोर्नियाची प्रमाणवेळ १२० पश्चिम रेखांशाची. दोहोंमधील २०२.५ अंशांना दर तासाच्या १५ अंशांनी भागले की साडेतेरा तास येतात. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो. समजा, जानेवारीत विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघाले व साडेचौदा तास उडाले; तर ते सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी पहाटे ५ वाजता उतरेल. कागदावर प्रवास एका तासाचा. परतताना सकाळी १० वाजता निघून सोळा तास प्रवास केल्यास दिल्लीत दुसऱ्या दिवसाचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. आंतरराष्ट्रीय वार रेषा ओलांडल्याने हे घडते, एवढे सांगून पाठ्यपुस्तके थांबतात. शरीराचे घड्याळ मात्र इतक्या सहजी थांबत नाही. जवळजवळ बारा तासांच्या फरकात रात्र व दिवस यांची पुरती अदलाबदल होते आणि ज्येष्ठ प्रवाशांना पूर्ववत झोप येण्यास आठवड्याहून अधिक काळ लागू शकतो.

इंधन, इंजिने आणि वाटेतील विमानतळ

बृहद्‌वृत्तीय मार्ग इतका जवळचा असताना तोच नेहमी का धरू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर हिमालय व तिबेट देतात. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला थोड्या मिनिटांत सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू मर्यादित असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. तेथे खाली येण्यास जागाच नाही. म्हणून या प्रदेशावरील मोजके मार्ग व त्यांवरील आपत्कालीन वाटा आधीच निश्चित कराव्या लागतात.

दुसरे उत्तर इंधनाचे. या सेवेसाठी वापरलेल्या बोइंग ७७७-२००एलआर विमानात सुमारे १ लाख ८१ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ १४५ टन इंधन मावते. विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते. टाक्या पूर्ण भरल्यास वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग इंधनाचाच होतो आणि त्यातील बराचसा हिस्सा उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. अर्ध्या तासाचा वळसा म्हणूनच केवळ अर्ध्या तासाचा राहत नाही. कधी मालवाहतूक कमी करावी लागते, कधी काही आसने रिकामी ठेवावी लागतात, तर कधी वाटेत उतरावे लागते.

तिसरी बाब इंजिनांची. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एकावर ते किती वेळात विमानतळ गाठू शकेल, यावर मार्गाची मर्यादा ठरते. १९५३ पासून अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये ती १२० मिनिटे, १९८८ मध्ये १८० मिनिटे झाली आणि २०११ मध्ये ७७७ जातीच्या काही विमानांना ३३० मिनिटांपर्यंत परवानगी मिळाली. इंजिनांच्या विश्वासार्हतेत झालेल्या सुधारणेचा हा आलेखच म्हणता येईल. या सवलतीमुळे महासागर व ध्रुवीय प्रदेश दोन इंजिनांच्या विमानांना खुले झाले. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूपर्यंत उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून नेलेले विमान याच प्रगतीचे फलित होते. त्या दोन शहरांमधील बृहद्‌वृत्तीय अंतर सुमारे १३,९९० किलोमीटर असून प्रवासास सुमारे १७ तास लागले.

आकाशातील सीमा

१९४४ च्या शिकागो करारातील पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. नकाशावर सीमारेषा भूमीवर काढलेल्या दिसतात. वैमानिकाच्या दृष्टीने त्या भिंती असतात. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेक परकीय विमानांना बंद असल्यामुळे युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातील अँकरेजला वळसा घालीत. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सेऊलकडे निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. ते पाडण्यात आले व २६९ जीव गेले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९८ पासून, रशियावरून जाणारे ध्रुवीय मार्ग टप्प्याटप्प्याने खुले होऊ लागले. म्हणजे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा १२,३८० किलोमीटरचा कंस भूमितीत अनादी असला, तरी त्याचा पुष्कळसा भाग प्रत्यक्षात वापरता येऊन पाव शतकाहून थोडाच अधिक काळ लोटला आहे.

आणि तो सर्वांना सारखा खुला राहिला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियन विमानांना व रशियाने त्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. युनायटेड या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली सेवा मार्च २०२२ मध्ये स्थगित केली. भारतीय विमानांना रशियाची बंदी नव्हती. दोन शहरे तीच, त्यांमधील आकाश तेच. परंतु विमानाच्या शेपटीवरील नोंदणीचिन्हावरून वाट मिळणे वा न मिळणे ठरू लागले. भारतीय कंपन्यांचा हा लाभ दुसऱ्या दिशेने हिरावला गेला. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेस निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि उत्तर अमेरिकेच्या काही सेवांना व्हिएन्नासारख्या शहरी इंधनासाठी उतरणे भाग पडले. प्रशांत महासागराकडे जाणाऱ्या विमानाला मात्र पाकिस्तानच्या आकाशाची गरजच नव्हती. २०१६ मध्ये वाऱ्यासाठी निवडलेली दिशा अशा रीतीने वेगळ्याच कारणाने उपयोगी पडली.

या सर्व घटकांची एकत्र गाठ ६ जून २०२३ रोजी पडली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला. जून महिना असल्याने विमान उत्तरेकडील मार्गावर होते आणि नियमानुसार आवाक्यात असलेला पर्यायी विमानतळ होता रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदानचा. कोलिमाच्या श्रमछावण्यांचे प्रवेशद्वार म्हणून स्टालिनच्या काळात कुप्रसिद्ध झालेले हे बंदराचे गाव. विमान तेथे सुखरूप उतरले. २१६ प्रवासी व १६ कर्मचारी एवढ्यांची सोय करण्याइतकी निवासस्थाने गावात नव्हती, म्हणून अनेकांना तात्पुरत्या जागांत, जमिनीवर गाद्या टाकून रात्र काढावी लागली. दुरुस्तीची वाट न पाहता कंपनीने मुंबईहून दुसरे रिकामे विमान अन्नपदार्थांसह मगदानला पाठविले. त्यातून ते प्रवासी ८ जून रोजी, स्थानिक वेळेनुसार मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, सॅन फ्रान्सिस्कोला उतरले.